पिवळी पाटी

पहाटे साडेचारला ती टीव्हीवर दिसली,
एकोणीसजणींच्या घोळक्यात, डावीकडून सातवी,
छातीवरच्या कागदावर घरत.
करावे गावात आमच्या गल्लीत
तेव्हा दोनच घरांत दिवा होता:
आमच्या, आणि कोलंबी सोलायला बसलेल्या गुलाबमावशीच्या.

वीस किलोमीटर. धावायचं नाही, चालायचं.
हे मी किती जणांना समजावलं असेल.
"चालण्याचं मेडल? मग आमच्या म्हाताऱ्यांना
पेटीभर द्यायला पाहिजेत."
नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला.
पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ.
चुकलात तर पंच पिवळी पाटी दाखवतो,
सुधारला नाहीत तर फळ्यावर लाल खूण.

सहा वर्षं मी सायकलवर होतो तिच्या बाजूने,
पाम बीच रोडला, रस्त्यावरचे दिवे विझायच्या आत,
हँडलला दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू,
करावे सिग्नल ते किल्ले गावठाण, वळसा, परत.
गाड्यांतली पोरं काच खाली करून
तिच्या कमरेची नक्कल करायची.
ती बघायची नाही.
मी बघायचो, आणि सायकल डुगडुगायची.

कोयंडे सरांनी पुठ्ठा कापून पाटी केली होती,
पिवळा ऑइलपेंट, वर काळी नागमोडी रेघ.
कांदळवनाच्या कडेला डास मारत उभे राहायचे
आणि ओरडायचे, "सुटला! पाय सुटला!"
डोळ्याला दिसेल न दिसेल इतकाच सुटतो तो,
पण तेवढ्यात चालणारा चालणारा राहत नाही.

बाबांनी ती रेघ उलटीसुलटी करून पाहिली.
"ही तर भरती," म्हणाले.
खाडीपलीकडची अक्षरं त्यांना कमीच येतात.
त्यांच्या बापाची खाचरं होती
तिथे आता सेक्टर आहे, नंबरासकट.
सराव कुठे करतेस, कुणी विचारलं
तर जागृती म्हणायची, आजोबांच्या शेतावर.
खोटं नव्हतं. रस्ता त्यावरूनच गेलाय.

आठव्या किलोमीटरला पहिली लाल.
अकराव्याला दुसरी.
समालोचक आमच्या आडनावाचं
दर वेळी वेगळंच काहीतरी करत होता.
तेराव्याला ती पाचवी होती,
चौथीच्या पाठीवरचा घामाचा डाग मोजता येईल इतकी जवळ,
आणि मला आधी कळलं, कारण खांदे वर गेले.
खांदे गेले की टाच लवकर उचलते.
सायकलवर असतो तर म्हटलं असतं:
खांदे, जागू, खांदे.
तिसरी.

तीन लालांना दोन मिनिटं.
रस्त्याकडेला दोर बांधलेला चौकोन,
घड्याळ धरलेला एक माणूस,
आत थांबायचं,
बाकीच्या समोरून जाताना बघत.

ती उभी राहिली.
सहा वर्षांत मी तिला रस्त्यावर
अशी उभी कधी पाहिली नव्हती,
सिग्नललासुद्धा ती जागच्या जागी चालायची.
बाबा खुर्चीतून उठले, टीव्हीपाशी गेले,
बोटाने काचेवर तिचे बूट दाखवले.
"दोनी पाय हायेत जमनीव," पंचाला म्हणाले,
"आता बघ."
पंच दुसरीकडे बघत होता.
सहाजणी गेल्या. मग आणखी दोघी.
ती वाकली, न सुटलेली नाडी सोडली,
पुन्हा बांधली, मनगटाने नाक पुसलं.
दोन मिनिटांत तिने एवढंच केलं.

तेरावी आली.

दारात गुलाबमावशी, कोपरापर्यंत कोलंबीचा वास.
"काय झाला रं? जिकली?"
तेरावी.
"चालत?"
चालत.
"मंग बरा," म्हणाली,
आणि टोपलीत उरलेली मूठभर
आमच्या पातेल्यात टाकून गेली.

दुपारी फोन आला. रडली नाही.
तिकडचं लिंबू फार आंबट होतं म्हणाली.
कोयंडे सरांना सांग, खांदे.
मग बराच वेळ नुसता
कुठल्यातरी बसचा आवाज येत राहिला.
सोमवारी साडेचारला, म्हणाली,
मागच्या टायरची हवा बघून ठेव.