प्रश्न क्रमांक सतरा

सेलूत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
कौसाबाई घुगे टेबलफॅन उघडून बसलेली.
मांडीवर कॉइल, दातांत चिंधी.
मी फॉर्म उलटून वाचलं :
‘आपणांस अधिक लाभ कशाचा झाला?
(अ) प्रशिक्षण (ब) दरमहा रक्कम.
एकाच चौकटीत खूण करावी.’

“कामून इचारायलीस? याचे पैसे मिळायलेत का तुला?”
फॉर्ममागे बारा रुपये, मी म्हणाले.
ती हसली. चिंधी पडली.

मग बोलत राहिली, हात न थांबवता :
निराधारचे पैसे आले, आधी चष्मा केला.
नाहीतर ही केसाएवढी तार
मला काय दिसली असती, माती?
वर्ग परभणीला. येताजाता गाडीभाडं, ते बी त्यातूनच.
तीन महिने रोजगार बुडाला
तवा पीठ कोणत्या चौकटीतून आलं,
तेवढं लिही.

“पण बाई, नुसत्या पैशानं हे आलं नसतं...”
आणि मध्येच गप्प.
वेढे मोजत होती.
एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी.

बाजारातल्या दुकानदारानं सर्टिफिकेट
दोन्ही बाजूंनी पाहून परत दिलं :
बाईनं बांधलेली मोटार
विहिरीत सोडंल कोण?
म्हणून गल्लीतले पंखे, मिक्सर,
जैतुनबीचा कूलर. त्याचे चाळीस यायचेत अजून.
“देईल. तिचं बी निराधारचं अडकलंय.”

मला माहीत होतं,
(अ) लिहिलं तर वर कुणीतरी म्हणणार,
शिकली ना, मग रक्कम कशाला?
(ब) लिहिलं तर तोच माणूस,
चहाचा तोच कप हातात धरून,
यांना फुकटचंच पाहिजे, वर्ग बंद करा.
माझ्याही पेटीत तीन सर्टिफिकेटं आहेत,
टायपिंगचं, संगणकाचं,
तिसरं कशाचं ते बघावं लागेल.

लाईट आली.
तिनं वायर खोचली. पंखा फिरला, पण उलटा.
वारा भिंतीकडं.
“थांब जरा, टोकं बदलते.”
भावाच्या लेकराची चूक सुधारावी
इतक्या सहज तिनं ती बदलली.

आता वारा माझ्याकडं.
फॉर्म फडफडायला लागला.
मी अंगठा दाबून धरला,
दोन्ही चौकटी झाकतील असा,
उडू नये म्हणून.