खळ

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गल्लीत
आम्ही द्राक्षांच्या खोक्यांसाठी खळ शिजवतो.
म्हणजे शिजवतो सुकलाल बेंडकुळे;
मी फक्त वायरी ओढते.

जुना स्टार्टर होता तेव्हा
बटण दाबलं की शेडमधले दिवे डोळा मारायचे,
पट्टे किंचाळायचे,
दोन हजार लिटरची टाकी
बोल्टांवर उभ्या उभ्या हिसका खायची.
एक तर बंद, नाहीतर पन्नास हर्ट्झवर सुसाट.
मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं.
(मालकांसारखं, सुकलाल म्हणायचा,
गाडी गेटाबाहेर पडल्याची खात्री करून.)

डिसेंबरात ड्राइव्ह आला.
थर्माकोलात निजलेला राखाडी डबा
आणि दोनशे पानांचं पुस्तक, त्यातली मला कळली अकरा.
अर्थिंग दोनदा तपासलं,
आर, वाय, बी आवळले,
वेग घ्यायला वेळ दिला पाच सेकंद,
कारण पुस्तकात पाचच होते.

पहाटेची पाळी. पारा सातवर.
पांडवलेणीचा डोंगर धुक्यात, नुसता अंदाजाने.
टाकीच्या तळाशी कालची उरलेली खळ
रात्रभर आखडून बसलेली.
हिरवं बटण दाबलं.
ड्राइव्हने तीनपर्यंत मोजलं आणि हात वर केले:
ओव्हरकरंट.
रीसेट. ओव्हरकरंट.

सुकलाल टाकीला तळवा लावून उभा होता,
गाभण म्हशीच्या पोटाला लावतात तसा.
म्हणाला, मॅडम, पिठलं हाटलंय का कधी?
म्हटलं, आयटीआयला नव्हतं.
तो हसला नाही.
मग सांगितलं, जरा ओशाळूनच,
की थंडीत तो अर्धा तास आधी येतो,
मेन स्विच पाडून ठेवतो
आणि पुली हाताने फिरवतो,
चाळीस आकडे होईस्तोवर.
तेराला हलते. बाविसाला सुटते.
चाळीसला म्हणते, आता लाव बटण.

सतरा हिवाळे.
हजेरीपत्रकात त्या अर्ध्या तासाला रकाना नव्हता.

मी चाळीस टाकले.
पडद्यावर आकडे पायरी पायरीने चढले,
दिवे जागचे हलले नाहीत,
टाकीच्या पोटात काहीतरी
कूस बदलल्यासारखं वळलं,
आणि ड्राइव्हने बारीक शीळ धरली.
सुकलालला ती शीळ कधीच आवडली नाही.

पण बारा हर्ट्झ आवडले.
पासष्ट अंशांना स्टार्च फुगतो, खळ अंगात येते,
तेव्हा तो बारावर आणायचा,
कॉस्टिकची धार धरायचा केसाएवढी,
ना गुठळी, ना फेस.
पंधरा दिवसांत मोटर हात लावू देईना.
तिचा पंखा तिच्याच दांड्यावर;
ती सावकाश फिरली
की स्वतःला वारा घालणंही सावकाश.
वेगळ्या पंख्याची मागणी मालकांच्या टेबलावर गेली
आणि तिथेच राहिली.
सुकलालने घरचा टेबलफॅन आणला,
बांधायच्या तारेने जाळीला जखडला.
बायको काय म्हणाली, विचारलं.
म्हणाला, थंडी आहे अजून.

मार्चात खोकी बंदराला गेली,
एकाचंही बूड सुटल्याची तक्रार नाही.
मेमध्ये सुकलाल अठ्ठावन्नचा झाला.
नारळ, शाल, टेबलफॅन परत.
त्याच आठवड्यात मालकांनी नवा पंखा मंजूर केला.

त्याच्या जागी सोहेल आला, मनमाडचा, हुशार.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
ताई, चाळीस कशाला? तिसात होतंय की.
आणि खरंच झालं.
उन्हाळ्यात खळ मऊ असते, तीस पुरतात.
मला थोडा राग आला, कोणाचा ते कळलं नाही.

पॅनेलच्या दाराला आतून चिठ्ठी लावलीय:
थंडी पडली की पुन्हा चाळीस.
खाली कंसात, सुकलाल.
चिकटवलीय आमच्याच खळीने,
जी ओलाव्यात सुटते.
दसऱ्याला दार उघडून बघायला हवं.