भांगाची भरती

नकाशा ओट्यावर मावत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर.
कोपऱ्यांवर मोहरीची बरणी, त्याचा चष्मा,
खारं लोणी आणि माझं कोपर.
गुलवेन पेन्सिलीने रेघ ओढतो:
लेझार्द्रियूहून त्रेगिए. तिथे तीन रात्री.
मी म्हणते, पाच.
तो खोडतो, पाच लिहितो.
मे महिना असाच पुढे सरकत राहतो.

चौतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला,
पहाटे तीनला पहिला गोठा, नवाच्या आत डेअरी.
मी लानियोंच्या इस्पितळात सुईण,
घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं.
मिनिटांचं देणं दोघांनीही फेडून झालंय.
आता दिवसाला बारा मैल, फार तर.
वारा समोरून आला तर निघायचं नाही.
पाऊस असला तर निघायचं नाही.
शेजारच्या बोटीवर कुणी पत्ते मांडले असतील
तर मुळीच नाही.

बोट आमच्याहून थोडीच लहान.
आधीच्या मालकाने तिला बायकोचं नाव दिलं, ओडिल.
नाव बदललं तर समुद्र रुसतो म्हणे,
म्हणून एक्केचाळीस वर्षांनी
आमच्या संसारात ही दुसरी बाई.
तो तिचं बूड खरवडतो, रंगवतो,
तिच्याशी जेवढं बोलतो तेवढं
माझ्याशी लग्नाआधीही बोलला नव्हता.
मी तिच्या पोटात शिरून वास घेते:
डिझेल, ओला दोर, कांदे,
आणि एका खणात त्या खऱ्या ओडिलची
लव्हेंडरची पुरचुंडी. ती मी फेकलेली नाही.

उधाणात जायचं नाही, तो म्हणतो.
इथे पाणी सहा पुरुष चढतं, सहा पुरुष उतरतं.
उधाणाच्या माथ्यावर चिखलात टेकलात
की पुढच्या उधाणापर्यंत तिथेच, पंधरा दिवस.
आपल्याला भांगाची भरती बरी.
थोडं येतं, थोडं जातं.
पिवळ्या पुस्तिकेत तो हलके आकडे शोधतो,
पंचेचाळीस, अडतीस,
आणि त्या तारखांभोवती गोल काढतो,
जसे मी काढायचे, अवघडलेल्या बायकांच्या तारखांभोवती.

एप्रिलात एकदा म्हणाला,
आज तू आण हिला आत. एकटी.
मी नाही असं समज.
आणि नाळेवर जाऊन बसला, पाठ करून, गुडघा चोळत.
दोनदा मी तिला धक्क्याला घासलं.
तिसऱ्यांदा दोर पडला नेमका खुंटीवर.
बंदरावरच्या टांगीने टोपी उचलली,
गुलवेनने मागे वळून पाहिलं नाही.
रात्री कुट्टूची धिरडी करपली, तीही त्याने मुकाट खाल्ली.
जन्मभर मी परक्या बायकांना विचारत आले,
कळ कधीपासून येतेय?
त्याला विचारलं नाही.

आज निघालो. म्हणजे अडीच मैल.
संध्याकाळी खाडीच्या वळणावर पाणी मागे सरलं
आणि ओडिल तिच्या दोन कुबड्यांवर
चिखलात उभी राहिली, भोवती बगळे.
तो शिडीने उतरला, पसाभर शिंपल्या खणून आणल्या.
मग सायडरचा घोट घेत सावकाश म्हणाला,
पुस्तिकेचं पान चुकलं वाटतं. आज उधाण होतं.
म्हणजे पंधरा दिवस?
असेल.
त्याचा चेहरा काही ओशाळलेला दिसला नाही.
मीही कांदा चिरायला घेतला.

पहाटे बशीतला चमचा किणकिणला.
एकदा. मग थांबून पुन्हा.
खालून कुणी हळूच खांदा लावावा तशी
ओडिल उचलली जात होती.
जन्मभर दोनच्या ठोक्याला उठलेला माणूस
तोंड उघडं टाकून झोपला होता.
मी चमचा काढून घेतला,
हातात धरून बसले.