आठ पॉइंट चार

हिंगण्याच्या शेडमध्ये एप्रिलचे तीन वाजलेत.
कूलर आहे, पाणी नाही.
लोखंडी बुशनं काल संत्र्याच्या लाकडाला डाग दिला.
पॉलिश पेपर फिरला, आणि पिवळ्या कडेवर
काजळीचं बोट.
दुसरा पेन तर फेव्हिक्विकनं बुशलाच चिकटला,
सोडवताना टवका उडाला.

झिबलजी ढोक म्हणाले, "नायलॉन घे न बाप्पा,
त्याले काहीच चिकटत नाही."
एकतीस वर्षं कारखान्यात ते बुशच कातत होते;
कोणत्या मशीनचे,
ते त्यांना कधी कोणी सांगितलं नाही.

इतवारीतून वीतभर दांडा आणला, वजनावर,
खोबऱ्याच्या रंगाचा.
टूल लागलं तसा कीस नाही, फीत निघाली.
तुटेचना.
चकला गुंडाळली, स्टुलाला,
माझ्या चपलेच्या अंगठ्याला.

आठ पॉइंट सहा.
आठ पॉइंट चार पाच.
गरम नायलॉन फुगवून सांगतं,
निवल्यावर खरं बोलतं,
म्हणून टपरीवर जाऊन चहा पिऊन आलो.
आठ पॉइंट चार.

आता लाकूड दोन बुशांमध्ये फिरतं,
उतरत उतरत त्यांच्या बरोबरीला येतं
आणि हात आपसूक मागे.
इथवरच, एवढंच बुश सांगतं;
स्वतः पेनात जात नाही.

पेन परवा काटोलला जाईल,
जिच्या बागेतलं झाड वठलं, त्या कुसुमावती बोंद्रेंकडे.
बुश राहतील तपकिरीच्या डबीत.
झाकणावर मी मार्करनं लिहिलं.
झिबलजींनी चष्मा वर केला,
"टिंब ठळक दे," म्हणाले,
"लोकं चौऱ्याऐंशी वाचते."