एक खोली शाबूत

तुम्ही विचारलंत, आत्ता यावं का?
माझा इदिर फोनवरून वाचून दाखवतो.
तुमचं बोलणं आमच्या बोलीत आणताना
मधले दोन-चार शब्द गाळतो, ते मला कळतं.
"बरं दिसेल का" असं काहीतरी असणार.

सहा खोल्या होत्या. पाच खाली बसल्या,
ओझ्याखाली खेचर बसतं तशा, आधी पुढचे पाय.
सहावी उभी आहे, अक्रोडाच्या बाजूची, निळ्या दाराची.
भिंतीला तडा आहे, पण करंगळी आत जात नाही.
रोज सकाळी घालून बघते.

आम्ही तंबूत. मी, नवरा, दोन मुलं
आणि सासू तुदा,
जी आता कुठल्याच छपराखाली जात नाही,
तंबूच्या कापडाकडेही संशयाने बघते.
खोलीत आम्ही झोपत नाही.
खोली पाहुण्यांची आहे.

पहिल्या महिन्यात ट्रक आले.
घोंगड्या आल्या, इतक्या की शेवटी बकऱ्यांखाली अंथरल्या.
उंच टाचांचे बूट आले.
लग्नाचा एक पांढरा झगा आला, तो कुणी नेला नाही,
कितीतरी दिवस दरडीवर पडून होता,
लांबून बर्फच वाटायचा.
मग खरं बर्फ आलं आणि ट्रक थांबले.
रस्ता मोकळा झाला होता
आणि त्या मोकळ्या रस्त्यावर कुणी नव्हतं.
जमीन हलली तेव्हा भ्याले त्याहून
मी त्या रस्त्याला भ्याले.

पुढे दोघं आली, कुठल्याशा थंड देशातली.
बाईचं नाव हेडविग. चहा प्याली, जवाची भाकर खाल्ली,
आणि रात्री आम्हाला तंबूत शिरताना पाहिलंन.
उशी काखेत मारून बाहेर आली,
खुणेनं म्हणाली, तुम्ही आत, आम्ही इथं.
मी तिला उशीसकट परत नेलं.
इदिरला म्हटलं, सांग हिला,
तू तंबूत झोपलीस तर सकाळी पैसे कशाचे घेऊ?
आणि पैसे घेतले नाहीत
तर तू पाहुणी नाहीस, ट्रक आहेस.
त्यानं यातलं किती सांगितलं, अल्ला जाणे.
ती रडली, मग आत गेली.
सकाळी चादर काढली तर पायथ्याशी चिखल.
दोघं बूट घालून झोपली होती.
आम्हीही तसेच झोपतो.
तिला माझे बूट दाखवले. मग मात्र दोघी हसलो,
तुदा म्हणाली, लाज नाही यांना.

सगळे तसे नसतात.
एकानं रक्कियाच्या घराचे फोटो काढले,
म्हणजे जिथं घर होतं त्या उताराचे,
आणि विचारलं, इथं किती?
लहसेन खेचरवाला प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतो.
खरा आकडा आमच्यापुरता ठेवलाय.
त्याला आता खेचर नाही,
पाहुण्यांच्या बॅगा स्वतःच्या पाठीवर आणतो
आणि भाडं खेचराइतकंच घेतो.

तर, यावं का.
मला नाही ठरवता येत.
तुम्ही आलात तर चुलीवर मोठं भांडं चढेल,
लहसेनच्या पाठीला दुखायला काहीतरी मिळेल,
इदिर चार शब्द नवे शिकेल आणि तेही गाळेल.
नाही आलात तर करंगळी घालून बघायचं, बस्स.

रात्रीचे दोनशे दिऱ्हाम, जेवणासकट.
गेल्या वर्षीही एवढेच होते, कमी करणार नाही.
घोंगडी आणू नका.
भिंतीचं विचारलंत, तर भिंतीचं मी काय सांगू?
दार जरा घासतं, खालून उचलून ढकलायचं.
आणि आतून कडी लावू नका.
आता इथं कुणीच लावत नाही.