खळगा आणि ढोली

कंधारच्या माळावर वडील मेंढरं राखायचे, तेव्हा
पहिल्यांदा पाहिलं सशाचं पिल्लू.
कुसळांत, तळहाताएवढ्या खळग्यात,
अंगावर केस, डोळे टक्क उघडे,
आणि जवळपास कुणी नाही.
मी उचलायला वाकले. वडील खेकसले,
ठेव. त्याला आई आहे.
कुठंय?
लांब आहे, म्हणून तर ते वाचलंय.
दिवस बुडाला की येईल, पाजील, जाईल.

आता किनवटच्या सागात माझी ड्यूटी.
चैत्रात साग उघडाबोडका,
पानं बुटाखाली पापडासारखी मोडतात.
नाल्याकाठच्या बेहड्याला एक ढोली,
ढोलीला लिंपण, लिंपणात फट,
फटीत चोच.
राखी धनेश. मादी आत.
लेतू आत्राम सांगतो, आत तिची पंखांची पिसं गळतात,
मनात आलं तरी उडता यायचं नाही.
नर येतो, घशातून एकेक उंबर काढतो,
फटीत देतो, जातो.
मी वहीत लिहिते :
सकाळी सात ते दहा, अकरा खेपा.

भागूताईला फोनवर हे सगळं सांगितलं.
ती लातूरला, तिसऱ्या मजल्यावर.
दूध भावजी आणतात, भाजी भावजी आणतात,
मोबाइलचं रिचार्जसुद्धा तेच मारतात.
माझी पोरगी तिच्याकडंच, आठ महिन्यांची.
शनिवारी रात्रीच्या गाडीनं मी जाते,
पाजते, रविवारी परत.
ऑफिसातल्या बायका विचारतात,
एवढंसं लेकरू टाकून राहवतं कसं?
मी म्हणते, सशीण.
त्यांना वाटतं, मी विषय बदलला.

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
ती भिंत घालतं कोण गं?
तोच असेल, मी म्हणाले. न बघताच.

दुसऱ्या दिवशी लेतू हसला.
चिखल तो आणतो, मॅडम.
लिंपते तीच. आतून.
आणि फोडते?
तीबी तीच. तिच्या टायमाला.

वहीत याला रकाना नव्हता.

शनिवारी भोकरच्या पुढं
गाडीच्या उजेडात एक ससा आडवा आला,
क्षणभर थिजला, गेला.
कुणीच उठलं नाही, ड्रायव्हरनं शिवी दिली.

पहाटे तिसऱ्या मजल्यावर मी दार वाजवलं.
आतून कडी निघाल्याचा आवाज
इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकला.
ताईच्या खांद्यावर पोरगी जागी होती,
डोळे टक्क उघडे.
मला ओळखायला
तिला थोडा वेळ लागला.