परवान्यात वजन लिहीत नाहीत

विजापूर वेशीत अब्बांचं दुकान.
पाटीवर मोठ्या अक्षरात ‘बंदूक दुरुस्ती’,
खाली बारीक: ‘कात्री, सुरी, कुलूप’.
पोट खालच्या ओळीवर चालायचं.

हुरडा संपला की करजगी यायचे,
रायफल चादरीत गुंडाळून,
मोरांची चादर, कडेनं विरलेली.
फळीवर ठेवून म्हणायचे,
“शिकलगार, जड झाली.”
“लोखंड वाढत नसतंय, मालक.”
“मग मी कमी झालो असंन. कायतर करा की.”

मी शेजारच्या सायझिंगमधून
सुताच्या गठ्ठ्यांचा काटा मागून आणायची.
आकड्याला टांगली की ती आडवी फिरायची,
नळी एकदा अम्मीच्या सुपाकडं,
एकदा रस्त्यावरच्या रिक्षाकडं.
अम्मी विड्या वळताना मान न उचलता सांगायची,
“तिकडं करा तोंड तिचं.”
तीन किलो नऊशे.

पहिल्या वर्षी दुर्बीण उतरवली.
तशीही करजगींच्या नाकावर
दोन भिंगं आली होती.
दुसऱ्या वर्षी पट्ट्याच्या कड्या,
आणि दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी.
तिच्या जागी कुकरच्या जळक्या झाकणाचा तुकडा.
शिट्टीचं भोक राहिलं होतं त्यात,
अब्बांनी तिथूनच स्क्रू मारला.

तिसऱ्या वर्षी दस्ता पोखरला.
अक्रोडाचं लाकूड, हाताच्या घामानं काळं पडलेलं,
आत मात्र पिवळं, कालच कापल्यासारखं.
गिरमिट फिरवताना अब्बा दोनदा थांबले,
अंगठ्यावर तोलून पाहिली.
“मागून फार काढलं तर तोंड खाली पडतंय.
माणसाचं पण तसंच.”
(माणसाचं का, ते मला कळलं नाही.)

मग करजगी आले ते खांदा चोळत.
रानडुकरांसाठी वर्षाला एक बार,
तोही आभाळाला,
पण या खेपेला गळ्याखाली निळं पडलेलं.
“हलकी केलीत आणि लाथ मारायला लागली.”
अब्बा चष्मा पुसत म्हणाले,
“बाराचा धक्का तेवढाच असतोय, मालक.
आधी अर्धा ती खायची.”

“नळी कापा चार बोटं.”
“नळीला हात लावणार नाही.
परवान्यात लांबी लिहिलेली असती.”
“आणि वजन?”
“ते कुणी लिहीत नाही.”

तेव्हा करजगी स्टुलावर बसले.
चहा आला, त्यावर साय धरली.
म्हणाले, एकोणसत्तर साली
नान्नजच्या माळावरून काळवीट आणलं होतं,
याच खांद्यावर, चार कोस.
लोक म्हणाले, गाडी जुंपा. मी म्हटलं, नको.
गावाची वेस येईपर्यंत
पाय हलत होते त्याचे, इथं, छातीवर.

अब्बांनी दस्त्यात फुंकर मारली.
भुसा उडाला नाही, तो आधीच काढलेला होता.

त्या साली इलेक्शन लागलं,
हत्यारं ठाण्यात जमा झाली.
मतमोजणी होऊन गेली,
गुलाल धुतला गेला,
लोक पावत्या दाखवून आपापली घेऊन आले.
करजगी गेले नाहीत.
हुरड्यानंतर दुकानात मात्र आले, नुसतेच,
चादर पांघरून.
उजवा खांदा तसाच पडलेला,
पट्टा नसलेला, तरी पट्ट्याच्या जागी हात.
“ठाण्यात गंज चढंल,” अब्बा म्हणाले.
“चढू दे. त्यानं वजन वाढतंय का?”
“जरासं.”
दोघं हसले. अम्मी पण, बहुतेक.

आता दुकान मी बघते.
शिवणकामाच्या कात्र्या येतात,
चादरीच्या कारखान्यांतल्या,
बंदूक वर्षाला एखादी.
माळ्यावर वनस्पती तुपाचा एक डबा आहे,
झाकणावर अब्बांचं अक्षर:
‘करजगी. मालकाचा माल. जाळू नये.’
आत कड्या, लोखंडी पट्टी, चार स्क्रू
आणि पिवळा भुसा, पुडीत बांधलेला.
पुडी अम्मीच्या तंबाखूच्या काट्यावर बसते.
उन्हाळ्यात एकशे ब्याऐंशी ग्रॅम.
पावसाळी हवेत काढून पाहिली,
तर तीनचार ग्रॅम जास्तच भरते.